माळ्याच्या फटी बुजवल्या तेव्हा

माझं माहेर तामलवाडीचं, सासर कळंबचं. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की या घरातली माणसं वर बघून बोलतात.

त्याचं कारण घराच्या बांधणीत होतं. सासरे आणि त्यांचे थोरले भाऊ वेगळे झाले तेव्हा घराच्या मधोमध एक भिंत घातली गेली. भांडण नव्हतं, दोन चुली झाल्या एवढंच. ती भिंत छताच्या फळ्यांपाशी जाऊन थांबली, आणि तीही फळ्यांना पुरती टेकली नाही. फळ्यांच्या वर माळा, माळ्याच्या वर पत्रे. माळा अख्ख्या घराचा एकच राहिला. दोघे भाऊ आता नाहीत. भिंतीच्या अलीकडं मी, आमचे हे आणि सासूबाई. पलीकडं सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाई एकट्याच. त्यांचा मुलगा आणि सून नोकरीपायी सोलापूरला असतात. सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि त्यांना मोठ्या आत्या.

दुपारची जेवणं झाली, की आत्या भिंतीच्या अलीकडं वाकळ टाकून आडव्या व्हायच्या आणि मोठ्या आत्या पलीकडं. मग बोलणं सुरू व्हायचं.

"अक्का, झोपलाव का?"

"कशाची झोप. पाठ भाजायली नुसती. तुझी भाजी करपली व्हती का गं आज?"

"जरा लागली बुडाला."

भिंतीवरून वास जायचा, आवाज जायचा, एकीच्या घरी पाहुणा आला की दुसरीला चहाचं आधण ठेवायच्या आधी कळायचं. मला सुरुवातीला अवघड वाटलं. नवीन लग्न, आणि खोकला आला तरी पलीकडून "आलं घाल चहात" असं यायचं. नंतर सवय झाली.

सवय झाली नाही ती उकाड्याची. मी बाहेरच्या खोलीत शिवणकाम करते, ब्लाऊज आणि फॉल-पिको. उन्हाळा म्हणजे लगीनसराई, आणि लगीनसराई म्हणजे माझ्या मशीनला उसंत नाही. पत्रे दुपारी असे तापायचे, की वरचा पंखा लावला तर गरम वारं अंगावर यायचं आणि बंद केला तर जीव गुदमरायचा. घामाचा थेंब रेशमी कापडावर पडला की डाग राहतो, म्हणून मी गळ्याभोवती टॉवेल बांधून बसायची. कूलर आणला. त्याच्या तोंडापुढं बसलं तर गार लागायचं, दोन पावलं सरकलं की संपलं. आमचे हे आडत दुकानात कामाला. ते दुपारी जेवायला आले की म्हणायचे, "पत्र्याचं घर हाय. तापणारच." आणि जेवून परत दुकानात जायचे. तिथं धान्याच्या थप्प्यांच्या सावलीत बरं होतं.

एका उन्हाळ्यात शेजारच्यांकडं साखरपुडा होता आणि त्यांना आमचं मोठं पातेलं हवं होतं. ते माळ्यावर. सकाळी कामाच्या गडबडीत राहिलं आणि भर दुपारी मला शिडी लावून वर चढावं लागलं. डोकं माळ्याच्या तोंडातून वर गेलं आणि भट्टीत घातल्यासारखं झालं. कानाच्या पाळ्या चटकल्या. मी पटकन पातेलं शोधावं म्हणून वर चढले आणि तिथंच बसून राहिले, कारण खाली दिसायला लागलं.

माळ्यावर अंधार होता, आणि त्या अंधारात खालच्या खोलीचा उजेड फळ्याफळ्यांमधून पट्ट्यापट्ट्यांनी वर येत होता. फळ्या जुन्या, वाळून आक्रसलेल्या. कुठं बोट जाईल एवढी फट, कुठं करंगळी. पंख्याच्या हुकाभोवती वाटीएवढं भोक. वायर जिथून खाली गेली होती तिथं तळहाताएवढं. मी हुकाजवळच्या भोकावर हात धरला. खाली पंखा चालू होता आणि माळ्यावरची गरम हवा माझ्या बोटांमधून खाली ओढली जात होती, मला ती स्पष्ट कळत होती. म्हणजे इतके दिवस मी पंखा लावून माळ्याची भट्टी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेत होते.

पलीकडं बघितलं तर मोठ्या आत्यांच्या खोलीचाही उजेड तसाच वर येत होता. एका रुंद फटीतून त्या दिसल्या. मांडीवर ताटली घेऊन शेंगदाणे आणि गूळ खात बसल्या होत्या. त्यांना शुगर, डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. मी पाय मागं घेतला तशी फळी करकरली.

"कोण हाय वर? मांजर हाय का?"

"मी हाय, आत्या. पातेलं काढायले."

त्यांनी ताटलीवर पदर ओढला. मग म्हणाल्या, "काय दिसतंय का गं वरून?"

"अंधार हाय लई. काय न्हाय दिसत."

"मग ठीक हाय," त्या म्हणाल्या आणि ताटली सरकवल्याचा आवाज आला.

संध्याकाळी मी यांना सांगितलं, की उकाडा नुसता पत्र्यामुळं नाही, फटींमुळं आहे. फटी बुजवल्या तर माळ्याची गरमी माळ्यावर राहील. ते हसले. "एवढ्या एवढ्या फटीनं काय व्हतंय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी जेवायला आले तेव्हा मी त्यांना ताटावरून उठवलं, शिडीवर चढवलं आणि वायरच्या भोकापाशी हात धरायला लावला. त्यांनी हात धरला, काढला, परत धरला.

"आयला," एवढंच म्हणाले. मग खाली उतरून म्हणाले, "रविवारी बुजवू."

रविवारी आम्ही सकाळी गारव्यातच वर चढलो. फटी बुजवायला काय घ्यायचं याचा मी विचार करून ठेवला होता. माझ्याकडं चिंध्यांना तोटा नव्हता. ब्लाऊज कापताना पडलेली कातरणं मी पोत्यात भरून ठेवते. हे लाकडी पट्टीनं चिंधी फटीत ठोसून बसवायचे आणि मी वरून भुसा आणि डिंकाचा लगदा थापायची. सुताराकडून भुशाचं पोतं आणलं होतं. वायरीच्या आणि हुकाच्या भोकांना पुट्टी भरली, बटणं बंद करून. आत्या खाली बसून चिंध्या निवडून शिडीवरून वर द्यायच्या आणि देता देता ओळखायच्या. "ही त्या मास्तरीणबाईची पैठणी. ही सरपंचाच्या सुनंची. ही कुणाची गं, लई भडक हाय?" अशी निम्म्या गल्लीची लुगडी आमच्या छतात गेली.

माळ्याच्या तोंडाला झाकणच नव्हतं. एक प्लायवूड कापून घेतलं आणि त्याच्यावर जुनी वाकळ दुहेरी करून ठोकली. ओढून बसवलं की घट्ट बसायचं. बाहेरच्या भिंतींच्या कडेला, जिथं फळ्या टेकल्या होत्या, तिथं माती, शेण आणि गव्हाचा भुसा कालवून लिंपलं. यांना एवढा उत्साह आला, की बाहेरच्या भिंतीत पत्र्याखाली दोन झरोके आहेत तेही ते बुजवायला निघाले. मी अडवलं. म्हटलं, माळ्यावरची गरम हवा कुठून तरी बाहेर गेली पाहिजे, खाली नको म्हणजे झालं. त्यांनी जाळी बसवून झरोके तसेच ठेवले.

शेवटी राहिली मधल्या भिंतीची फट. ती सगळ्यांत मोठी. भिंतीच्या माथ्यापासून फळ्यांपर्यंत चार बोटं मोकळी, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पलीकडच्या उघड्या फळ्यांतून उतरलेली माळ्याची गरमी आणि धूळ तिथून आमच्याकडं यायची. मी चिखलाची पाटी हातात घेऊन शिडीवर थांबले.

"आत्या, ही पण बुजवू का?"

आत्या चिंध्यांच्या पोत्याचं तोंड बांधत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बुजव की. एवढं केलंय तर ती कशाला ठेवायची."

मी बुजवली.

दुपारी फरक कळला. अगदी थंडगार झालं असं नाही, पण पंख्याचं वारं आता वाऱ्यासारखं लागत होतं. मागची खिडकी किलकिली करून कूलर लावला तर गारवा खोलीभर पसरला आणि राहिला. माळ्यावरून पडणारी बारीक माती थांबली. गळ्याचा टॉवेल मी काढून दांडीवर टाकला. हे जेवून उठायला तयार नव्हते, तिथंच लवंडले आणि दुकानातून फोन येईपर्यंत घोरत पडले. मला इतका आनंद झाला होता, की मी माहेरी फोन करून सांगितलं.

आत्या भिंतीजवळ आडव्या झाल्या होत्या. थोड्या वेळानं सवयीनं म्हणाल्या, "अक्का, झोपलाव का?"

पलीकडून काही आलं नाही. आत्यांनी जरा मोठ्यानं विचारलं. तरी नाही. मग त्यांनी कूस बदलली. मशीनचा आवाज मला पहिल्यांदाच एवढा मोठा वाटला.

त्यानंतर मोठ्या आत्या आमच्याकडं आल्याच नाहीत. एरवी त्या सकाळी दही न्यायला यायच्या, नाहीतर आत्या त्यांच्याकडं शेवग्याच्या शेंगा घेऊन जायच्या. मला वाटलं, पाय दुखत असतील. मग भाजीवाल्या मावशी दारात आल्या आणि भेंडी तोलता तोलता म्हणाल्या, "तुमच्या मोठ्या बाई सांगायल्या, की धाकल्यांनी भिंत वर नेली म्हणून. काय झालं व्हय?"

आत्यांच्या हातातली भेंडी तशीच राहिली. "काय झालं न्हाय," त्या म्हणाल्या. भाजीवाल्या मावशी गेल्यावर त्या ओट्यावर बसून राहिल्या. मी म्हटलं, मी जाऊन समजावते, माझ्यामुळं झालंय. तर म्हणाल्या, "तू शिव. तुझं काम हाय. म्या बघती."

दुपारी आत्यांनी आपली वाकळ गुंडाळली, पाण्याचा तांब्या घेतला आणि गल्लीतून वळसा घालून पलीकडं गेल्या. मला राहवलं नाही. मशीन बंद करून मीही मागोमाग गेले. मोठ्या आत्यांची खोली तव्यासारखी तापली होती. त्या दाराशी पदरानं वारा घेत बसल्या होत्या. आत्यांनी त्यांच्याशेजारी वाकळ अंथरली.

"हिकडं कशाला आलीस, धाकले? तुमच्यात गारवा हाय म्हणं."

"हाय की. पर गारव्याला बोलता येत न्हाय."

मोठ्या आत्यांनी तोंड फिरवलं. "विचारायचं तरी व्हतं. म्या दुपारभर हाका मारायली. मला वाटलं, काय चुकलं माझं."

"हाका मारल्या व्हत्या तुम्ही?"

"मग काय. घसा बसला."

"म्या बी मारल्या," आत्या म्हणाल्या.

दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. मी मधेच सांगितलं, की उकाड्यासाठी फटी बुजवल्या, दुसरं काही मनात नव्हतं. तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं. त्यांच्या बाजूच्याही फटी बुजवून देते म्हटलं. मोठ्या आत्यांनी मान हलवली. "नको मला. म्या एकटी असती. वर मांजर फिरलं तरी बरं वाटतंय, कोणतरी हाय म्हणून." मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "का तू असतीस, पातेलं काढायला."

मी हसू दाबलं. आत्यांना काही कळलं नाही.

त्या दुपारी दोघी तिथंच पडल्या, घामानं निथळत. पुढच्या दिवशीही आत्या गेल्या. तिसऱ्या दुपारी मात्र मोठ्या आत्याच काखेत वाकळ मारून आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, "दोघींनी कशाला भाजून घ्यायचं? सरक जरा." आणि आत्यांच्या शेजारी, कूलरच्या वाऱ्यात आडव्या झाल्या.

तेव्हापासून त्या रोज यायला लागल्या. अडचण एकच होती. इतकी वर्षं भिंतीवरून बोलून दोघींचा आवाज चढा झाला होता, आणि आता डोक्याला डोकं लावून पडल्या तरी त्या तेवढ्याच मोठ्यानं बोलायच्या. गिऱ्हाईक दारातच थांबून विचारायचं, आत भांडण चाललंय का. शिवाय दोघींचं माझ्या कामावर लक्ष. गळा किती खोल ठेवला, बाही किती आखूड केली, यावर पडल्या पडल्या निकाल द्यायच्या. एकदा एक नवरी माप द्यायला आली, तर मोठ्या आत्यांनी तिला मागचा गळा वर घ्यायला लावला. लग्नात तो ब्लाऊज बघितला. खरंच चांगला दिसत होता.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर मोठ्या आत्या स्वतःच म्हणाल्या, "माझ्याबी बुजवा आता. दरसाली तुमच्यात येऊन पडायचं म्हणजे मला पाहुणी झाल्यासारखं वाटतंय." सोलापूरहून त्यांचा मुलगा आला होता. त्यानं आणि यांनी मिळून एका रविवारी पलीकडचं सगळं छत भरून काढलं. या खेपेला चिंध्या मोठ्या आत्यांनी निवडल्या आणि भडक रंगाच्या सगळ्या बाजूला काढल्या. झोपल्यावर डोळ्यांपुढं असलं रंगीबेरंगी नको म्हणाल्या. वरून भुशाचा लगदा बसणार, रंग दिसणार नाही, हे सांगूनही ऐकलं नाही.

त्यांची खोली आमच्यापेक्षा गार झाली. तिच्या पश्चिमेला दुसऱ्याच्या घराची भिंत आहे, त्यामुळं भिंतीला दुपारचं ऊनच लागत नाही. आता दुपारचा बाजार तिकडं भरतो. मी हुक लावायचे ब्लाऊज पिशवीत घालून तिकडंच जाऊन बसते. मोठ्या आत्यांनी त्यांच्या मुलाकडून एक कूलर मागवून घेतला आणि तो कुठं ठेवायचा यावरून आमच्या ह्यांना चार ठिकाणं फिरवलं.

परवा हे तिकडंच जेवायला बसले होते. मोठ्या आत्या वाढता वाढता वर बघत म्हणाल्या, "आता त्या पत्र्याला वरून पांढरा चुना मारायचा. म्या ऐकलंय, त्यानं ऊन परत जातंय."

"बघू की, काकू," हे म्हणाले.

"बघू न्हाय. रविवारी सकाळी ये. शिडी म्या धरती."

यांनी माझ्याकडं बघितलं. मी हुक लावत होते, मान वर केली नाही. आत्यांनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.