पाठकोऱ्या अर्जावरची रजा

आमच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंना मुलं ‘अपूर्णांकबाई’ म्हणत. मी कार्यालयातला हेडक्लार्क, रजेचे अर्ज माझ्याकडेच येतात. बाईंचं पोट वर्षातून तीनदा दुखे. तिन्ही वेळा त्या दिवशी मुख्याध्यापक वर्गात बसून त्यांचा पाठ पाहणार असत.

कारण मला ठाऊक होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी भर वर्गात त्यांच्या हातातून खडू काढून घेतला होता. "बसा. असं शिकवतात." मुलं हसली. तेव्हापासून दाराशी कुणाची सावली पडली, की फळ्यावरचा बाईंचा हात थांबायचा. नऊ वर्षं अशी काढल्यावर त्यांनी अर्ज दिला: वर्ग नको, ग्रंथालय द्या.

नव्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांच्यापुढे मी तो अर्ज ठेवला आणि न विचारता रजेचा तक्ताही ठेवला.

"भाऊसाहेब, यांना शिकवता येत नाही का?"

"जाता-येता कानावर पडतं, बाई. मी वाणिज्य शाखेचा, तरी मला समजतं."

"मग अर्ज तूर्त तुमच्या खणात राहू दे."

गुरुवारी पाचवीला अपूर्णांक शिकवायला मोठ्या बाई स्वतः उभ्या राहिल्या. अपूर्णांकबाईंना मागच्या बाकावर बसवून म्हणाल्या, "माझ्या चुका लिहा. गोडगोड नको." मोठ्या बाई मुळात भाषेच्या. भागाकारात अशा अडकल्या, की मुलंच त्यांना सांभाळून घेऊ लागली.

शाळा सुटल्यावर अपूर्णांकबाई वही घेऊन माझ्याकडे आल्या. "अकरा चुका झाल्यात. चारपाच खोडू का?"

"खऱ्या आहेत ना? मग राहू द्या."

मोठ्या बाईंनी वही शांतपणे वाचली. "सातवी चूक मला अजून कळली नाही. मंगळवारी वर्गात करून दाखवाल? मागच्या बाकावर मी बसते."

मंगळवारी सकाळी मी सवयीने रजेचा कोरा अर्ज काढून ठेवला. अपूर्णांकबाई आल्या त्या गळ्याला रुमाल गुंडाळून, डोळे लाल.

"ताप आहे," त्या म्हणाल्या. "या वेळी खरा."

"मग रजा?"

"उद्या."

मी व्हरांड्यात गेलो, पण दारावर सावली पडणार नाही इतका लांब थांबलो. बसक्या आवाजात पाव आणि अर्धा यांची बेरीज चालली होती. मध्येच मोठ्या बाईंचा आवाज आला, "अस्सं होय!" बाई न थांबता पुढे शिकवत राहिल्या.

तास संपल्यावर त्या कार्यालयात आल्या. "भाऊसाहेब, तो ग्रंथालयाचा अर्ज द्या."

त्यावर त्यांनी आडवी रेघ मारली, कागद उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर उद्याची रजा लिहिली. नियमात बसत नाही. मी आवक क्रमांक टाकला.