पखवाजाभोवतीचा पडदा

मुलांनो, पालीहून मीनाचा फोन आला तेव्हा मी आमच्या भजनी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाची यादी करत होते. "आत्ये, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. बाबा म्हणजे माझा धाकटा भाऊ, तुमचे दिनूआजोबा. त्याला आता महिना झाला... तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर हल्ली पेन उचलायचाही कंटाळा येतो.

दिनू एसटीत कारकून होता. रत्नागिरीतल्या आमच्या महिला मंडळाला कित्येक वर्षं त्यानेच पखवाजाची साथ केली. दर शनिवारी पालीहून यायचा, डाव्या पुडीला कणीक लावायचा आणि आमच्या चुका निमूटपणे सांभाळून घ्यायचा. पण आमचे आवाज म्हातारे झाले, त्याचा हात नाही झाला. शब्दच कळत नाहीत, अशी श्रोत्यांची तक्रार येऊ लागली. साउंडवाल्याने सुचवलं, पखवाजाभोवती जाड पारदर्शक फळ्यांचा पडदा उभा करा, म्हणजे त्याचा आवाज तुमच्या माइकमध्ये शिरणार नाही. मंडळाची चिटणीस मीच. लगेच मागवला.

"काय गो अक्का," आत बसत दिनू म्हणाला, "म्हावऱ्यासारखा काचेच्या पेटीत ठेवतेस मला?" बायका हसल्या. मग तो हळूच म्हणाला, "तुझ्याकडची एक फळी तरी उघडी ठेव. तू श्वास घेतेस तो ऐकू आला की मला कळतं, कुठे उचलायचं ते."

"हेडफोनमधून ऐकू येईल ना? सगळ्या बाजू बंदच हव्यात," मी म्हटलं. सांगितलंय तसंच करायचं, हा माझा स्वभाव तुमच्या आईला ठाऊक आहे.

कार्यक्रम उत्तम झाला, हेही सांगायला हवं. आज शब्द कळले, असं लोक मुद्दाम येऊन सांगून गेले. एरवी माझ्या तोंडाकडे बघून वाजवणारा दिनू त्या दिवशी मान खाली घालून वाजवत होता. आणखी दोन कार्यक्रम त्याने केले. मग म्हणाला, "गुडघा दुखतो गो. मांडी घालून बसवत नाही." मी त्याला डॉक्टरचं नाव दिलं आणि दुसरा वादक शोधला. वर्ष गेलं. खरं कारण विचारावंसं वाटायचं, पण उत्तर काय येईल ते माहीत होतं, म्हणून विचारलं नाही...

बाराव्याला आम्ही सहाजणी पालीला भजनाला गेलो. बोलता बोलता मी मीनाकडे त्याच्या गुडघ्याची चौकशी केली.

"कसला गुडघा, आत्ये?" ती म्हणाली. "अगदी जायच्या आदल्या दिवसापर्यंत रोज तासभर ओटीवर मांडी घालून पखवाज वाजवत होते."

नवा वादक आला नव्हता. त्याच ओटीवर बसून नुसत्या टाळांवर आम्ही अभंग म्हटला. माइक नाही, पडदा नाही, आणि तरी आमचा शब्द अन् शब्द स्वच्छ ऐकू येत होता... त्यासाठीच तर मी तो पडदा आणला होता. दुसऱ्या चरणाला मी श्वास घेतला आणि तिथेच थांबले. बायका माझ्याकडे बघत राहिल्या. मग कुणीतरी पुढची ओळ उचलली.