टिकटिकीवरची गौळण

"बसून काय व्हतंय?" गोरक्ष दिवसातून दहा वेळा असं म्हणायचा आणि म्हणता म्हणता उठायचा. जेवताना उठायचा, पाहुणे आले असले तरी उठायचा. चाकणच्या कंपनीत आठ तास पत्रा ठोकणाऱ्या प्रेसपुढे उभा राहिलेला माणूस घरी आल्यावर तरी टेकेल, तर नाही. पाय थांबलेच तर बोटं चालायची. ताटाच्या कडेवर, मोटारसायकलच्या टाकीवर, पुनमच्या पाठीवर. लग्नाच्या नव्या नवलाईत पुनमला त्याचं कौतुक होतं. आपण पखवाजवाल्याच्या घरात पडलो, असं ती माहेरी सांगायची. आता अकरा वर्षांनी म्हणायची, "माझ्या पाठीलाच शाई लावून घ्या एकदाची, म्हंजे नाद तरी चांगला निघंल."

यंदा त्याच्या जिवाला एकच घोर लागला होता. गावच्या सप्ताहात सहाव्या दिवशी संध्याकाळी भजनाची पाळी त्यांच्या आळीची, आणि ती आज्या-पणज्यापासूनची. मंडळात माणसं आठ, पण रंगराव फर्स्ट शिफ्टला, माऊली सेकंडला, कोणी नाइटला. कोणाची सुट्टी गुरुवारी, कोणाची रविवारी. गेल्या वर्षी पाळीला तिघंच जमले होते. सप्ताह कमिटीचे दादासाहेब तेव्हाच बोलून गेले होते, "पुढल्या साली असलंच मरतुकडं भजन झालं, तर पाळी वरच्या आळीला देणार. मग कोनी रुसायचं न्हाई." आणि यंदा सहावा दिवस आला मंगळवारी. त्या आठवड्यात खुद्द गोरक्षचीच सेकंड शिफ्ट. लाइन लीडरच्या जागेसाठी त्याचं नाव वर गेलेलं होतं. साहेबांनी बजावलं होतं, या महिन्यात एकही खाडा नको.

वाट दाखवली ती पुनमने. लग्नाआधी तिने तळेगावला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. घरातल्या कॉम्प्युटरवर तिने गाणी रेकॉर्ड करायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, अगदी नवख्या माणसालाही जमेल असं. त्यात प्रत्येक आवाजाची वेगळी पट्टी, एकीखाली एक. एकाने सोमवारी गायचं, दुसऱ्याने बुधवारी. ऐकताना मात्र सगळे एकदम.

"म्हंजे शिफ्टा वेगळ्या आन भजन एक," गोरक्ष म्हणाला, आणि तेवढ्यावरच खोलीभर चार येरझाऱ्या घालून आला.

सॉफ्टवेअरने आधी गती विचारली. एका बटणावर बोटाने ठोके दिले की तेवढ्या गतीची टिकटिक कानात सुरू व्हायची आणि सगळ्यांनी तिच्यावर गायचं. गोरक्षने ठोके दिले. विचारही केला नाही, बोट आपोआप चाललं.

मग खिडकीवर गोधडी टांगली गेली आणि माणसं एकेक करून येऊ लागली. रंगराव चार वाजता बसमधून उतरून थेट यायचा, अंगाला ऑइलचा वास. कानावर हेडफोन चढवून भिंतीकडे बघत गायचा. "ह्या भितीम्होरं गाऊन गाऊन माझाच पोपडा निघायला लागला, वहिनी," म्हणायचा. माऊली सकाळी दहाला, कामावर जायच्या आधी. गोरक्षने स्वतःचा पखवाज नऊ वेळा वाजवला. गौळण शेवटाकडे आली की त्याचा हात सवयीने धावायचा आणि टिकटिक मागे राहायची. मग पुन्हा पहिल्यापासून. दहाव्या वेळी त्याने हात आवरला. काम झालं. सगळं एकसारखं, कंपनीतून निघालेल्या मालासारखं.

आता उरले एकटे आबाजी, मंडळाचे मुख्य गायक. वय अठ्ठ्याहत्तर. ते पुढे बसून प्रत्यक्ष गाणार, सोबत दोघं टाळ धरणार आणि बाकीचं मंडळ कर्ण्यातून. तीन दिवस आधी तालमीला आले. पुनमने माउसचं बटण दाबलं.

आबाजींनी गौळण उचलली. तिसऱ्या कडव्यात त्यांना दम लागला. नेहमीच लागायचा. अशा वेळी गोरक्ष ठेका धरून ठेवायचा, मंडळी धृपद घोळवत राहायची आणि म्हाताऱ्याने हात वर केला की सगळे पुढे निघायचे. आज त्यांनी हात वर केला, तोवर भजन चौथ्या कडव्यात पोचलं होतं. आबाजी मागे धावले. पुन्हा पहिल्यापासून लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी टाळ मांडीवर ठेवले.

"जरा पळा की, आबाजी," माऊली हसत म्हणाला.

"पळतो की. पर ह्यातलं कोनी माझ्याकडं बघतच न्हाई."

पुनम घाईने पुढे झाली. "मी मधी जागा सोडते. तिथं नुसता ठेका लांबवते."

"कुटं कुटं सोडशील, पोरी? मंगळवारी दम कंच्या कडव्याला लागंल, ते मलाबी ठाव न्हाई."

माऊली मघापासून मान कलती करून ऐकत होता. तो आणि गोरक्ष एकाच कंपनीत, एकाच लाइनवर. "आयला, गोरक्षा," तो म्हणाला, "ही तर आपली दोन नंबरची प्रेस हाय राव. तोच ठोका. भजन बी डायच्या साच्यात घातलंस व्हय?"

सगळे हसले. आबाजीसुद्धा. गोरक्ष मात्र आपल्या बोटांकडे बघत राहिला.

त्यानंतरचे तीन दिवस त्याने घर डोक्यावर घेतलं. अंगणात जायचा, आत यायचा. कॉम्प्युटर लावायचा, सगळ्या पट्ट्या ऐकायचा आणि अर्ध्यातच बंद करायचा. पुनम स्वयंपाकघरात कामाला लागायची. समोर आली असती तर तिच्याच तोंडून निघालं असतं, की ती लीडरची जागा घ्या. तिला ती जागा हवी होती. ती मिळाली की सेकंड शिफ्ट कायमची सुटेल, संध्याकाळी दिवेलागणीला माणूस घरात दिसेल, एवढंच तिचं मागणं होतं.

मंगळवारी दुपारी त्याने युनिफॉर्म चढवला, गळ्यात ओळखपत्र अडकवलं. चौकाच्या अलीकडे कंपनीची बस येऊन उभी राहिली. गोरक्ष दारापर्यंत गेला, माघारी आला आणि युनिफॉर्म उतरवून सदरा घातला. फोन लावून साहेबांना म्हणाला, "आज खाडा मांडा, सर." पलीकडून काय आलं ते पुनमला कळलं नाही. त्याने फोन खिशात टाकला.

"आन ती जागा?" तिने विचारलं.

"जाईल." त्याने पखवाज खांद्याला लावला. "नाइटवाल्यांना आता झोपेतनं उठिवतो. रंगराव चारला उतरंल. घरी गेला की आडवा व्हतो गडी, त्याला चौकातनंच उचलतो."

पुनम गॅलरीत आली. गोरक्ष बसच्या बाजूने पुढे निघाला. ड्रायव्हरने हॉर्न दिला, आतून कोणीतरी ओरडलं, "भावा, शिफ्ट हिकडंय." त्याने वळून पाहिलं नाही. मागच्या खिडकीतून माऊली त्याच्याकडे बघत होता, डबा मांडीवर घेऊन. गोरक्ष वळणाआड गेला. मग माऊली डबा उचलून जागेवरून उठला, आणि पुनमला तो त्या खिडकीत दिसेना. बसचं दार बराच वेळ उघडंच होतं.