हात पाठीमागे

जयगडला बंदरावर मी मुकादम होतो. माणूस काम करतोय की वेळ काढतोय, हे मला लांबूनच कळायचं. म्हणून रत्नागिरीतल्या त्या फिजिओथेरपीवाल्या बाईंवर मला पहिल्या दिवसापासून संशय होता.

नात दोन वर्षांची झाली तरी उभी राहत नव्हती. बाई तिला ना तेल लावायच्या, ना पाय चोळायच्या. स्टुलावर शिंपले मांडायच्या आणि शेजारी मांडी घालून नुसत्या बघत बसायच्या. नात हात लांबवून रडायची. मला बघवायचं नाही, मी शिंपला उचलून तिच्या हातात द्यायचो. बाई तो काढून परत स्टुलावर ठेवायच्या.

“असलं खेळायला आपली पडवी काय वाईट आहे?” मी घरी सुनेला म्हटलं.

चौथ्या खेपेला बाई म्हणाल्या, “आजोबा, आज हात पाठीमागे बांधून बसा.”

राग आला, पण बसलो. नात रडली, माझ्याकडे बघत राहिली. मग स्टुलाची कड धरून गुडघ्यांवर आली, एक पाय रोवला आणि थरथरत उभी राहिली.

बाईंचा हात तिच्या कमरेमागे होता, न टेकवता. नजर मात्र माझ्या हातांवर होती, मुकादमाची कामचुकार माणसावर असते तशी.