नवमीच्या दिवशी रिकामी डिकी

माझा राग वाईट. लहानपणी आई म्हणायची, डोक्यात राख घालून घ्यायला याला चूलसुद्धा लागत नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी जर्मनीत शिकाऊ इंजिनिअर म्हणून आलो, तेव्हा बॅगेत इतर सामानाबरोबर हा रागही आला. तो कस्टमवाल्यांना दिसला नाही, एवढंच.

लुडविग्सहाफेनला आम्ही दोघे मराठी मुलगे एका विधवा बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर राहायचो. मी ऱ्हाइनपलीकडच्या कारखान्यात जायचो आणि माझा सोबती रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होता. घरमालकीण पंचावन्नच्या आसपास, हाडापेरानं मजबूत, बोलायला फटकळ. आम्ही तिला ‘मावशी’ म्हणायचो. शब्दाचा अर्थ सांगितल्यावर ती म्हणाली होती, "आईची बहीण? म्हणजे रागवायचा हक्क आहे तर!" आणि तो हक्क तिनं पुरेपूर वापरला.

दोघांनी मिळून एक जुनी गाडी घेतली. ती दारात आली त्या दिवशी मावशी बाहेर येऊन गाडीभोवती फिरली, डिकी उघडायला लावली आणि आत डोकावून म्हणाली, "हिच्यात तर काहीच नाही."

"स्टेपनी आहे की," मी म्हणालो.

"मी चाकाबद्दल बोलत नाही. आग लागली तर काय कराल? दार अडकलं तर?"

मला हसू आलं. तिला नाही आलं. दुसऱ्या महायुद्धात तिच्या राहत्या घरावर बॉम्ब पडला होता. वर घर जळत होतं आणि खाली तळघरात अकरा माणसं. जिन्याचं दार ढिगाऱ्यानं बंद झालेलं. शेजारच्या तळघराची भिंत फोडायला एकच कुऱ्हाड होती, ती आळीपाळीनं चालवली. भोक माणूस जाण्याएवढं होईपर्यंत धुरानं चार जण गेले होते. त्यांतला एक तिचा नवरा. हे तिनं बटाटे सोलता सोलता सांगितलं, सालं न तोडता, आणि शेवटी म्हणाली, "गाडी म्हणजे चाकांवरचं तळघर. आधी बाहेर पडायची वाट, मग बाकीचं."

मग महिनाभर आमच्या घरात गाडीचा संसार मांडला गेला. मावशीनं कुऱ्हाड दिली. तळघरातली तीच. दांडा नवा, पातं जुनं. लोखंडी पहार मी कारखान्यातल्या भंगारातून मागून आणली. छोटं फावडं, टो करायचा दोर, जॅक, कोरड्या वाळूची पिशवी, आग विझवायचं लाल नळकांडं, मलमपट्टीची पत्र्याची पेटी, टॉर्च, दोन जाड ब्लँकेटं. कातड्याचे पट्टे करून प्रत्येक वस्तू डिकीत बसवली, म्हणजे अंधारातही हात बरोबर त्याच जागी जावा. मावशी आमची परीक्षा घ्यायची. मला डोळे मिटायला लावायची आणि ओरडायची, "कुऱ्हाड!" मी ती चार सेकंदांत काढून हातात द्यायचो. "फार वेळ," ती म्हणायची. माझं डोकं सणकायचं, पण पुढच्या वेळी तीन सेकंदांत निघायची. खरं सांगतो, आयुष्यात इतकं नीटनेटकं काम मी दुसरं केलं नाही.

ऑक्टोबरात वडिलांचं पत्र आलं. ते गिरणीत फिटर होते. आमच्या घरी गणपती एक वेळ राहिला असेल, पण खंडेनवमी कधी चुकली नाही. त्या दिवशी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू, फूल वाहायचं आणि दसऱ्याला उचलेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. वडिलांनी लिहिलं होतं, "तुझी हत्यारं आता परदेशात आहेत, पण हत्यारंच आहेत. विसरू नकोस."

मी काही मोठा भाविक नव्हतो. पण घराची आठवण आली की माणूस काय करेल सांगता येत नाही. नवमीला शनिवार होता. सकाळी उठून मी डिकी रिकामी केली. खोलीतल्या टेबलावर पांढरा पंचा अंथरला, त्यावर कुऱ्हाड, पहार, फावडं, जॅक, माझे पाने, एवढंच काय ते लाल नळकांडंही ठेवलं. मावशीच्या परसातला झेंडू वाहिला. ब्लँकेटं तेवढी गाडीत राहिली. सोबती पलंगावर पडून बघत होता.

"काय भटजीबुवा," तो म्हणाला, "देवाकडे आउफेन्थाल्ट्सएर्लाउब्निस आहे ना? नाहीतर राहायच्या परवान्याशिवाय सापडला म्हणून पोलीस धरतील त्याला."

"तोंड सांभाळ," मी म्हणालो. माझी राख तिथूनच उडायला लागली.

तासाभरात मावशी कोट घालून वर आली. नेकारसुल्मला तिच्या बहिणीचं अचानक ऑपरेशन ठरलं होतं, दुपारीच. आगगाडीनं वेळेत पोचणं शक्य नव्हतं. आम्ही सोडू का? सोडू म्हणजे काय, लगेच निघू. वाहनाची पूजा दसऱ्याला सकाळी, तेव्हा आज गाडी चालवायला हरकत नाही, असा हिशेब मी मनात केलाही.

मावशी खाली गेली. सोबत्यानं टेबलाकडे बोट दाखवलं. "हे टाक डिकीत. नाटक पुरे झालं."

इथे थांबून खरं लिहायला हवं. तो बोलायच्या आधी मी कुऱ्हाडीकडे बघत होतो. नमस्कार करून उचलावी, प्रवासाला निघालोय, बापसुद्धा समजून घेईल, असं माझ्या मनात आलं होतं. तो गप्प राहिला असता तर मी ती उचलली असती. पण तो ‘नाटक’ म्हणाला.

"हात लावशील तर हात तोडीन," मी म्हणालो.

त्यानं हात पुढे केला. मी त्याची गचांडी धरून त्याला भिंतीवर आपटलं. त्याचं डोकं इतक्या जोरात आदळलं की भिंतीवरचा क्रूस खाली पडला. त्याच्या ओठातून रक्त आलं. ते पुसत तो म्हणाला, "ठीक आहे. तुझा हट्ट तुझ्यापाशी."

खाली मावशी गाडीत बसली होती. तिनं नेहमीचा प्रश्न विचारला, "आलेस द्रिन?" सगळं आत आहे ना?

"आलेस द्रिन," मी म्हणालो.

हायडेलबर्ग मागे पडलं आणि शेतं सुरू झाली. बीट काढायचे दिवस होते. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरावर आणून लिंपला होता, त्यावर पहाटेचं धुकं बसलेलं. मी जोरात चालवत होतो, कारण अजून रागात होतो. एका वळणापलीकडे बिटांनी भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर येत होता. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही, आडवी झाली, आणि उजवी बाजू पुढे करून कडेच्या झाडावर जाऊन बसली.

तो आवाज मी अजूनही नीट सांगू शकत नाही. पत्रा फाटला, काच अंगावर आली, माझं दार उघडून मी बाहेर चिखलात फेकलो गेलो. उठून बघतो तर सोबती मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर येऊन बाहेर सरपटत होता, नाकाचं हाड मोडून चेहरा लाल झालेला. मावशी उजव्या बाजूला होती. झाड जवळजवळ तिच्या मांडीवर आलं होतं. दाराचा पत्रा आत वळून तिच्या गुडघ्याखाली पायावर मिटला होता. पुढून पेट्रोलचा वास, मग धूर, मग ज्वाळा.

आम्ही दोघांनी तिच्या काखेत हात घालून ओढलं. ती ओरडली, पण पाय सुटला नाही. मी पत्र्यात बोटं घालून उपसायला गेलो, तळहात फाटले, पत्रा हलला नाही. आग तिच्या बुटापर्यंत आली. मग ती ओरडली. हे ओरडणं दुखण्याचं नव्हतं. ती हुकूम देत होती, सवयीनं.

"दास बाइल! कुऱ्हाड! कुऱ्हाड!"

माझे पाय आपोआप डिकीकडे वळले. दोन पावलं गेलो आणि थांबलो. ती पुन्हा ओरडली. मी उभाच राहिलो. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, तिला वाटलं असणार की मी घाबरलोय. "हिंमत धरा!" ती म्हणाली. जळत असताना ती मला धीर देत होती.

ट्रॅक्टरवाला शेतकरी बीट उपटायचा लांब दांड्याचा काटा घेऊन धावत आला. त्यानं तो पत्र्याखाली घातला, सोबत्यानं आणि मी अंग टाकलं, दांडा मोडला. दुसरा काटा आणायला तो परत धावला. तेवढा वेळ आम्ही चिखल फेकून आग दाबत होतो, मुठी भरभरून, तिच्या पायावरही. दुसऱ्या काट्यानं पत्रा उचलला. तिला ओढून काढलं, ब्लँकेटमध्ये गुंडाळलं. पायाकडे मी एकदाच पाहिलं.

अॅम्ब्युलन्स तिला घेऊन गेली आणि सोबत्यानं मला मारायला सुरुवात केली. पहिला ठोसा तोंडावर, दात पडला. मी बिटांच्या ओळीत कोसळलो तसा तो छातीवर बसला आणि मारत राहिला. मी हात वर केला नाही. पोलिसानं त्याला मागून धरून उचललं तेव्हा तो रडत होता.

तिचा पाय मांडीपासून कापला. आठ दिवसांनी आम्हाला भेटायची परवानगी मिळाली. जिना चढताना सोबत्यानं मला थांबवलं. "मी तिला काल चिठ्ठी पाठवलीय," तो म्हणाला. "पवित्र दिवस होता, आपल्या धर्मात त्या दिवशी हत्यार उचलत नाहीत, असं लिहिलंय. तू फक्त मान हलव."

"पण ते खरं नाही."

"पाय गेलाय तिचा. निदान कारण तरी मोठं असू दे."

मावशी उशांना टेकून बसली होती, चेहरा चुन्यासारखा. तिनं मला जवळ बोलावलं. "तुमच्या मित्रानं कळवलं," ती म्हणाली. "देवाचा दिवस होता. मी कॅथलिक आहे, मला कळतं. देवासाठी जे राहिलं त्यावर मी रागवू शकत नाही." आणि तिनं माझा पट्ट्या बांधलेला हात हातात घेतला. मी मान हलवली. इतकी नीच गोष्ट मी त्याआधी केली नव्हती.

ती घरी आली, लाकडी पाय लावून चालायला शिकली. वर्षभर मी तिचं सामान आणलं, कोळसा भरला, जिने पुसले. ती शेजाऱ्यांना सांगायची, "बघा, देवभीरू मुलगा आहे." सोबत्यानं त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

पुढच्या वर्षीची नवमी. मी पूजा करणार नव्हतो. वडिलांना पत्रही टाकलं नव्हतं. सकाळी मावशीनं आम्हाला खाली स्वयंपाकघरात हाक मारली. तारीख तिनं सोबत्याकडून विचारून घेतली होती. टेबलावर पांढरा टेबलक्लॉथ, त्यावर तिच्या सुऱ्या, शिवणाची कात्री, परसातलं खुरपं, ओळीनं मांडलेलं. मधोमध तिचा लाकडी पाय, पट्टे नीट गुंडाळून ठेवलेले. आणि ती भिंतीजवळच्या खुर्चीत, स्कर्टची एक बाजू रिकामी.

"तुमची लाल आणि पिवळी पूड आणा," ती म्हणाली. "उद्यापर्यंत हात लावायचा नाही ना? गेनाऊ, अगदी तसंच. मी खुर्चीतच बसेन. मला बाथरूमला न्यायचं काम तुमचं दोघांचं." बोलताना ती लाजल्यासारखी हसली. माझ्या देवाला मान द्यायला ती दिवसभर पांगळी बसणार होती.

सोबती माझ्याकडे बघत होता. या वेळी त्यानं मान हलव म्हटलं नाही.

मी तो पाय उचलला, तिच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. कुऱ्हाड उचलायला मी निघालो होतो. हा एक शब्द बोलला, मला राग आला, आणि रागापायी मी ती टेबलावर सोडली. देव त्यात कुठे नव्हता. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो.

तिनं तो पाय घोट्याशी दोन्ही हातांनी धरला आणि बसल्या जागेवरून माझ्यावर हाणला. पहिला फटका दंडावर बसला. दुसरा खांद्यावर, तेव्हा आत काहीतरी मोडल्याचं मला ऐकू आलं. सोबती पुढे झाला तशी ती त्याच्यावर खेकसली, "तुम्हीसुद्धा! तुम्हाला माहीत होतं!" आणि एक त्याच्या बरगडीत. तो मागे सरला नाही. टेबलक्लॉथ ओढला जाऊन सुऱ्या जमिनीवर पसरल्या. ती मारत होती आणि किंचाळत होती. वर्षभर ती एकदाही किंचाळली नव्हती, त्या दवाखान्यातसुद्धा नाही.

शेवटी दम लागून ती थांबली. स्कर्ट वर करून तिनं पाय बसवला, एकेक पट्टा आवळला. आम्ही मदतीला वाकलो तर तिनं नुसता हात वर केला. मग उभी राहिली, भिंत धरून दारापर्यंत गेली आणि दार उघडून धरलं.

"एक तारखेपर्यंत खोली रिकामी करा," ती म्हणाली. "दोघांनी."