शिवनाथेत गेलेले मास्तर

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिला तर माझ्या पगारापासून पोटाच्या तक्रारीपर्यंत सगळं पाठ होतं. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही वत्सलाला ओळखत नाही, म्हणून असेल. वत्सलाकडे येतो, पण आधी माझी फुशारकी ऐका. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

भिलाईत पोलादाचा प्लांट उभा राहत होता तेव्हा मी तिथं रिगर होतो. तारेचे दोर बांधून लोखंडाचे अजस्र तुकडे वर चढवायचे, हे माझं काम. फर्नेसच्या टोकावर उभा राहून मी बिडी ओढायचो. खालून रशियन साहेब हातवारे करत ओरडायचा आणि मी त्याला वरूनच सलाम ठोकायचो. आणि रविवारी? रविवारी सेक्टरात, म्हणजे प्लांटच्या वसाहतीत, आमची बैठक भरायची — सगळे विदर्भातून आलेले, नव्यानंच बौद्ध झालेले लोक. तिथं माझं भाषण ठरलेलं. भूत नाही, आत्मा नाही, मेलेला माणूस म्हणजे नुसता चुना! टाळ्या पडायच्या. कोणाच्या अंगात आलं, कोणाला चिंचेखाली काही दिसलं, की लोक मलाच बोलवायला यायचे.

तर वत्सला. प्लांटात कोक ओव्हनच्या भट्टीवर असलेल्या सुकदेवभाऊंची मुलगी. ती रायपूरला डॉक्टरी शिकायला लागली, आमच्यातली पहिलीच. अख्ख्या सेक्टरानं तिला काही ना काही दिलं. कोणी कंदील, कोणी चादर. एका रशियन बाईनं लोकरीचा टोपा दिला — रायपूरच्या उन्हात! पण पहिल्या वर्षाला म्हणे खऱ्या माणसाची हाडं लागतात, खोलीवर ठेवून अभ्यास करायला. ती कुठून आणायची? नागपूरला निरोप गेले, आणि एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी आपल्या शिकण्याच्या काळातली हाडांची पेटी देऊ केली. अशीच, दान म्हणून. आणायला कोण जाणार? सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. चुन्याला भिणार नाही असा माणूस दुसरा होताच कोण?

डॉक्टरांनी पेटी दिली आणि कवटी वेगळी धोतराच्या फडक्यात बांधून माझ्या हातात ठेवली. "याला पेटीत टाकू नका, याच्या आतली हाडं नाजूक असतात. मांडीवर न्या," ते म्हणाले. "आम्ही याला मास्तर म्हणायचो. मला पास केलं ते यानंच. पोरीला सांगा, मला दोन ओळी लिही म्हणावं." त्यांनी जाताना गाठोड्यावरून हात फिरवला.

आता सांगा — भर दुपार, पॅसेंजर गाडी, माणसांनी भरलेला डबा. भीती वाटायचं काही कारण? पण त्या कवटीचा जबडा स्प्रिंगनं जोडलेला होता. गाडीनं वेग घेतला की गाठोड्यातून आवाज यायचा. टक. टक टक. माझ्या मांडीवर! मी दोन्ही हातांनी दाबून धरलं. तेव्हा बोटं नेमकी डोळ्यांच्या खोबणीत गेली. फर्नेसच्या टोकावर बिडी ओढणारा मी, पण चटका बसल्यासारखे हात मागं घेतले. समोर गोंदियाला चढलेली एक म्हातारी बसली होती, लेकाकडं भिलाईला निघालेली.

"काय हाय जी त्यात? टरबूज काय?"

मी म्हटलं, हो. डोंगरगड गेलं, राजनांदगाव गेलं. म्हातारीनं कान दिला.

"तुमचं टरबूज दात वाजवून राहिलं न जी."

मग शिवनाथचा पूल आला. लोक खिडकीशी सरकले, नदीत नाणी टाकू लागले. आणि मी — मी उठलो, दारात गेलो आणि मास्तरांना दिलं फेकून. नदीत. गाठोड्यासकट. मागं वळलो तर अख्खा डबा हात जोडून उभा! माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते भीतीचं. लोकांना वाटलं, अस्थी सोडल्या.

"आंदी काऊन नाही सांगतलं, बाबू?" म्हातारीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "कोन होते?"

"मास्तर होते," मी म्हणालो आणि खरोखर रडलो.

सेक्टरात हारतुरे तयार होते. पेटी उघडली, मुंडकं कुठं? तेव्हा खरं बोलता आलं असतं की नाही? आलं असतं. लोक हसले असते, रविवारचं भाषण बंद झालं असतं, बस. पण मी म्हणालो, डॉक्टरसाहेबांनी कवटी ठेवून घेतली. किती सहज निघालं तोंडातून! सुकदेवभाऊ भडकले. "असं कोनी देते काय? देल्लं तं पुरं देनं!" वत्सलाला दोन ओळींचा निरोप मी दिलाच नाही. तिनंही आपणहून लिहिलं नाही. अशा माणसाला कोण लिहिणार?

कवटीवाचून ती अभ्यास कशी करणार? सुट्टीत घरी आली की माझ्या टकलावर करायची. खडूनं रेघा ओढायची, हाडांची नावं लिहायची. मी रेघांसकट दुकानात जायचो, पोरं मागं लागायची. लोक म्हणायचे, काकांनी पोरीसाठी डोकं दिलं. मी ते ऐकूनही घ्यायचो. पण कवटीच्या तळाची भोकं टकलावर कशी दिसणार? तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकी कवटी उलटी करून तिच्या हातात दिली. ती नापास झाली. घरी येऊन दार लावून रडली, आणि मी बाहेर ओट्यावर तिच्या बापाबरोबर नागपूरच्या डॉक्टरांना शिव्या घालत बसलो. होय, मीही घातल्या. त्याच्यापेक्षा जोरात.

पुन्हा परीक्षा देऊन ती पास झाली, पुढं डॉक्टर झाली. ते म्हातारे डॉक्टर वारले. त्यांचा पुतण्या मला नागपुरात भेटला होता. म्हणाला, काका शेवटपर्यंत विचारायचे, भिलाईच्या पोरीचं काही आलं का? मी म्हणालो, पोरगी फार कामात असते.

मागच्या महिन्यात वत्सलानं सगळ्यांना जेवायला बोलावलं. मेल्यावर आपलं शरीर कॉलेजला द्यायचं तिनं लिहून दिलंय. पोरांना शिकायला मिळावं, म्हणाली. मग माझ्याकडं पाहून हसली. "पण डोक्यासकट देऊन राहिली, काका. त्या नागपूरवाल्यावानी नाही."

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मी हसलो.