उत्तरदाती क्रमांक सतरा

नाशिकच्या आमच्या कॉलेजात मी पर्यावरण कायदा शिकवायला लागलो तेव्हा त्या तासाला पोरं झोपायला बसायची. मीही फार जागा नव्हतो. पण पीएच.डी.शिवाय बढती नाही, म्हणून नव्वदच्या दशकाच्या शेवटी पेठकडच्या डोंगरांत जाऊ लागलो. जंगल वाचवणाऱ्या कायद्यांनी तिथे शेती कसणाऱ्यांवर होणारा अन्याय, हा माझा विषय. अन्यायावर बोलताना माझा आवाज फार छान लागायचा.

तिथल्या एका बाईने मला सगळ्यात जास्त वेळ दिला. उतारावर तिचा नागलीचा तुकडा होता. सासऱ्यापासून कसलेला, पण कागदोपत्री जंगल. अधूनमधून जंगलखात्याचे गार्ड येऊन उभं पीक उपटून जायचे. तिने मला तुकड्याच्या चारी बाजू फिरवल्या: ओहळ, आंब्याचं खोड, काळा खडक, शेजाऱ्याचा बांध. मग म्हणाली, "लिव. आन् माजं नाव पन लिव."

मी वहीत लिहिलं. तिने ते मला तीनदा मोठ्याने वाचायला लावलं आणि खाली अंगठा उमटवायला शाई मागितली. मला हसू आलं. पेनातली शाई दिली.

मार्गदर्शक म्हणाले, नावं देऊ नका, लोक अडचणीत येतात. प्रबंधात ती 'उत्तरदाती क्रमांक सतरा' झाली आणि तिचं गाव 'गाव तीन'. पदवी मिळाल्यावर मी वह्या गच्चीवर जाळल्या, गोपनीयतेचा आदर म्हणून. हे मी पुढे कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना छाती फुगवून सांगितलं.

मग वनहक्काचा कायदा आला. जमीन आधीपासून कसत असल्याचा पुरावा दावे तपासणाऱ्या समितीपुढे द्या आणि हक्क मिळवा. बाई दोन एसट्या बदलून कॉलेजात आली. "तुजी ती वही दे. तीत माजं नाव हाय."

मी तिला चहा पाजला आणि प्रबंध काढला. इंग्रजी, सोनेरी अक्षरांचा. सतरावर बोट ठेवलं.

"ह्ये माजं नाव?"

"हो."

तिने त्या पानावरची धूळ पदराने पुसली. "मंग तू ये. समितीफुडं तू सांग, सतरा म्हंजे हीच."

एक दिवस गेला असता, बस. पण मूळ वह्या कुठे आहेत असं कुणी विचारलं असतं तर? माझी प्रपाठकपदाची मुलाखत तोंडावर आली होती. "नियमात बसत नाही, बाई," मी म्हणालो. पानाची झेरॉक्स मात्र काढून दिली. ही शुद्ध हरामखोरी होती आणि ती करताना माझा चेहरा अत्यंत सहृदय होता.

दावा फेटाळला गेला. ते पान समितीत हातोहात फिरलं आणि पोटभर हशा झाला, असं तिच्या दिराने येऊन सांगितलं. तुकड्यावर जंगलखात्याने सागासाठी खड्डे खणले होते. त्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याने फक्त झेरॉक्स परत केली.

त्या प्रकरणावर मी लेख लिहिला, पुराव्याअभावी नाकारलेल्या हक्कांवर. हवामान न्यायाच्या एका परिषदेत त्याला टाळ्या पडल्या. पुढे प्राध्यापक होताना तोच कामी आला. त्यात ती 'दावेदार क्रमांक चार' आहे.

आता निवृत्तीनंतर लाज वाटते, म्हणून निदान या कागदावर तिचं नाव लिहावं म्हणून बसलो. ओहळ आठवतो, आंब्याचं खोड आठवतं, खडकही आठवतो. तिचं नाव आठवत नाही.